चोवीस शून्यं

दि. ४ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

निसर्ग संरक्षण मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिताना मायना काय घालावा, या विचारात दोन दिवस गेले. शेवटी म्हटलं, ज्याचं नाक मी पुसलं त्याला ‘माननीय’ म्हणायला माझी जीभ काही रेटायची नाही. तेव्हा बारक्याच.

फोन करू नकोस. डावा कान गेलाच आहे आणि उजवाही त्याच्या वाटेवर आहे. मागच्या वेळी तू वहिनीच्या दाढदुखीबद्दल सांगत होतास आणि मी तिचं अभिनंदन करून मोकळी झाले. पत्रच बरं. टपालवाल्या बाई दारात येतात, तेवढंच माणसाचं तोंड दिसतं.

आता मुद्द्याचं. आपल्या इथल्या पाणथळीत लाल फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकल्या आहेत. तिथून जोडरस्ता जाणार म्हणे. मी चौकशी केली तर सगळे मलाच सांगतात, की ते तुमच्या भावाच्या हातात आहे. अरे, सव्वीस वर्षं मी तुमच्याच मंडळाची बिनपगारी निरीक्षक आहे. दर महिन्याच्या एक तारखेला पक्ष्यांचा तक्ता टाकते, एकदाही चुकलेलं नाही. माझ्या पाणथळीत भराव पडणार आणि माझा सख्खा भाऊ वर खुर्चीत बसून बघणार, असं होणार नाही ना? तू ‘नाही’ म्हण आणि मोकळा हो. लहानपणी दुधाला म्हणायचास तसं.

गुडघा बरा आहे. वहिनीला आशीर्वाद. माया आहेच, पण रस्त्याचं काय ते कळेपर्यंत ती जरा हात राखून आहे.

तुझी,
ताई


दि. १२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हिची दाढ काढली, तुझं अभिनंदन तिने अजून जपून ठेवलं आहे.

तुला वाटतं अध्यक्ष म्हणजे मोठा अधिकार. माझी खोली बघशील तर हसशील. झाडं-पाखरं वाचवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाच्या खोलीत खिडकी आहे, पण ती उघडत नाही. एसीसाठी कायमची बंद केली आहे. बाहेरच्या बाकापाशी काचेच्या पेटीत पेंढा भरलेला बगळा आहे, त्याचा एक डोळा पडलेला. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस त्यांना हवा होता, म्हणून मला बसवलं. हे मला आठ महिन्यांनी कळलं.

आणि खुर्चीवर बसणाऱ्याला मतच नसतं, ताई. आठ सभासद मत देतात, मी फक्त हात मोजतो. बरोबरी झाली तरच माझं निर्णायक मत. ते देतानाही कारण लिहावं लागतं, आणि ते कारण फायलीतल्या कागदांतलंच असावं लागतं. मला मनातून काय वाटतं याला किंमत शून्य. रस्त्याच्या बाबतीत चार जण ‘हो’ म्हणणारे आहेत, चार ‘नको’ म्हणणारे. ‘हो’ वाल्यांचे पुढारी आमचे उपाध्यक्ष. ते निवृत्त अभियंते आहेत. माझ्या खुर्चीकडे ते असे बघतात, की बसायला जाताना मलाच त्यांची परवानगी घ्यावीशी वाटते.

म्हणजे बरोबरी होणार आणि निकाल माझ्या गळ्यात पडणार. पण काळजी करू नकोस. मागच्या थंडीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा बांधावरून मी स्वतः टिबुकल्या पाहिल्या होत्या, पिलं पाठीवर घेऊन पोहणाऱ्या. फायलीत तुझे तक्ते असणारच. त्यांच्याच आधारावर ‘नाही’ लिहीन.

एक गंमत. आमच्याकडे पहिल्या अध्यक्षांनी घातलेला नियम आहे, की अध्यक्षांच्या नावे आलेलं जनतेचं प्रत्येक पत्र सभेच्या सुरुवातीला अध्यक्षांनीच मोठ्याने वाचायचं. गाळायचं नाही, संक्षेप करायचा नाही. परवा मी ‘कावळा माझ्या टकलावर चोच मारतो, मंडळ काय करते’ हे दोन पानी पत्र माइकवर वाचलं.

तुझी हात राखून असलेली मायाही मला पुरते.

तुझा,
बारक्या


दि. २० जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कावळ्याचं पत्र टपालवाल्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, असे अध्यक्ष असतील तर आम्हीही लिहू.

खुंट्या आता बांधापर्यंत आल्या, असं दुकानदार सांगत होता. तो मला सामान घरपोच देतो आणि बातम्याही. त्याला तर रस्ता हवाच आहे, गिऱ्हाईक वाढेल म्हणतो. मी त्याला सांगितलं, आमचा बारक्या ‘नाही’ म्हणणार आहे. त्यावर तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही, म्हणून बिस्किटं परत केली.

तू फाईल नीट वाच. तुला पहिल्यापासून शेवटची पानं न वाचता पेपर लिहायची खोड. आशीर्वाद आहेतच, ते काही फायलीतल्या कागदांवर अवलंबून नाहीत.

तुझी,
ताई


दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फाईल वाचली. शेवटच्या पानांपर्यंत वाचली.

एक विचारतो, रागावू नकोस. दोन वर्षांपूर्वी तू पायरीवरून पडलीस आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तू बांधावर कितीदा गेलीस? मी आलो होतो तेव्हा तू वॉकर धरून जेमतेम स्वयंपाकघरापर्यंत यायचीस, असं मला आठवतं. पाणथळीकडे मी एकटाच गेलो होतो. परत येऊन तुला टिबुकल्यांचं सांगितलं तेव्हा तू तोंड फिरवून भाजी चिरत राहिलीस. तेव्हा मला वाटलं, तुला ऐकू आलं नाही.

उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल, पण खरं दे. सभा २४ मार्चला आहे.

तुझा,
बारक्या


दि. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

हे काय प्रश्न विचारणं झालं? मी सव्वीस वर्षं तक्ते पाठवते आहे. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, एका पोराला अर्धा गुण उगाच दिला नाही की कापला नाही. तुझे दाजी गेले त्या महिन्यातही एक तारखेला तक्ता टपालात पडला होता. त्यावर स्वतः पाहिलेलेच लिहावे अशी सूचना छापलेली असते आणि मी न पाहिलेलं पाखरू एकदाही लिहिलेलं नाही. एकही नाही. तुझ्या सचिवांना सांग.

माझ्या गुडघ्याची चौकशी करायची तर डॉक्टर आहेत. तू रस्त्याचं बघ.

ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राहू दे तो प्रश्न. चुकलो.

इकडे मन लागत नाही. राजीनामा देऊन मोकळं व्हावं असं रोज सकाळी जिना चढताना वाटतं. पण मी गेलो की उपाध्यक्ष खुर्चीत बसणार, आणि त्यांच्या रिकाम्या जागी त्यांच्याच मर्जीतला नवा सभासद येणार. म्हणजे पाणथळ गेलीच. राहिलो तर जे लिहावं लागेल ते माझ्याच हाताने लिहावं लागेल. इकडे आड, तिकडे विहीर. काल सचिवांना म्हटलं, निदान ती खिडकी तरी उघडून द्या. ते म्हणाले, त्यासाठी ठराव लागेल.

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ताईंना सांगा. मी म्हटलं, आपलेच दात, आपलेच ओठ. तुला नाही सांगत. सांगण्यासारखं काही नाही. तू तब्येत जप, पायरीवर पाणी सांडू देऊ नकोस.

तुझ्या मायेचा नेहमीपेक्षा जास्त गरजू,
बारक्या


दि. २६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

‘सांगण्यासारखं काही नाही’ असं तू फक्त फुलदाणी फोडलीस तेव्हा म्हणाला होतास. म्हणून मी रिक्षा करून वाचनालयात गेले. हरकती मागवण्यासाठी फायलीची प्रत तिथे ठेवली आहे, हे टपालवाल्या बाईंनी सांगितलं. ग्रंथपालाने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी शेवटची पानं उघडली.

चोवीस तक्ते. ‘निरीक्षक क्रमांक ७’. नाव नाही, पण अक्षर माझं. प्रत्येक रकान्यात शून्य, माझ्या सवयीचं, वर छोटी शेपटी असलेलं. तुला मीच तसं काढायला शिकवलं होतं, तू ओळखणारच. आणि पुढे रस्तेवाल्यांचं वाक्य: गेल्या दोन वर्षांत या पाणथळीत एकही पक्षी आढळलेला नाही, सबब हरकत नसावी.

बारक्या, मी गेले नाही रे. दोन वर्षांत एकदाही बांधावर गेले नाही. न गेल्यास रकाना कोरा सोडावा, असं तक्त्यावर छापलंय. पण त्याच्याच खाली छापलंय, सलग तीन कोरे तक्ते आल्यास निरीक्षकाचे नाव कमी करण्यात येईल. दाजी गेले, शाळा कधीच सुटली, कान गेला. माझं नाव कुठे लिहिलेलं उरलं होतं ते एवढ्याच ठिकाणी. मला वाटलं, दोन महिन्यांत पाय बरा होईल. न पाहिलेली पाखरं लिहिणं म्हणजे खोटं, ते मी मेले तरी केलं नसतं. तू पाहिलेल्या टिबुकल्याही लिहिल्या नाहीत, कारण त्या तू पाहिलेल्या. शून्य लिहिलं, तर कुणाचं काय बिघडणार? शून्य म्हणजे काहीच न म्हणणं, असं मी समजत होते. गणित शिकवलेली बाई मी!

फार लाज वाटते. घरी येऊन देखील चप्पल न काढता बसून होते. तू ओळखलंस आणि महिनाभर एकट्याने गिळलंस, याचं त्याहून वाईट वाटतं.

मी मंडळाला पत्र लिहिते आहे.

तुझी,
ताई


दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहू नकोस. मोठ्या अक्षरात लिहितो: लिहू नकोस.

तुझं आडनाव वेगळं. क्रमांक सात म्हणजे माझी बहीण, हे इथे कुणालाही माहीत नाही. तुझं पत्र आलं तर नियमाप्रमाणे मला ते भर सभेत वाचावं लागेल. तू खोटे तक्ते दिलेस, हे माझ्या तोंडून, माइकवर. वाचल्यावर नातं सांगावं लागेल आणि नातं सांगितलं की त्या विषयापुरतं मला खुर्ची सोडून बाहेर जावं लागेल. मग खुर्चीत उपाध्यक्ष. निर्णायक मत त्यांच्या हातात. म्हणजे तुझी अब्रूही जाणार आणि पाणथळही.

न लिहिलंस तर निदान अब्रू राहील. मी काहीतरी कारण शोधून ‘नाही’ लिहीन. फायलीत तसं कारण नाही, हे मला माहीत आहे. तरी शोधतो आहे. रोज तीच पानं उलटतो. तुझी शून्यं आता मला डोळे मिटले तरी दिसतात.

मला तुझ्यावर राग नाही. थोडा आहे. मग लगेच तू वॉकर धरून उभी दिसतेस.

तुझा,
बारक्या


दि. १० मार्च
(रजिस्टर टपालाने)

मा. अध्यक्ष,
निसर्ग संरक्षण मंडळ, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या मंडळाची निरीक्षक क्रमांक ७. उत्तरेकडील पाणथळीचे गेल्या चोवीस महिन्यांचे तक्ते मी भरले आहेत. या काळात मी पाहणीसाठी एकदाही गेले नाही. गुडघ्याच्या दुखण्यामुळे चालता येत नव्हते. रकाने कोरे सोडायला हवे होते. नाव कमी होईल या भीतीने मी त्यांत शून्य लिहिले. पक्षी नव्हते असे मला माहीत नाही. होते असेही मी सांगू शकत नाही, कारण मी पाहिले नाही. तरी त्या शून्यांवर कोणताही निर्णय घेऊ नये. त्याआधीच्या चोवीस वर्षांचे तक्ते खरे आहेत.

जी शिक्षा असेल ती मान्य आहे. हे पत्र नियमाप्रमाणे पूर्ण वाचावे, एकही शब्द गाळू नये. वाचणाऱ्याने मान खाली घालू नये, माइकमध्ये आवाज नीट जात नाही.

आपली नम्र,
निरीक्षक क्रमांक ७


दि. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचलं. पूर्ण वाचलं. ‘एकदाही गेले नाही’ इथे आवाज गेला, तेव्हा सचिवांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. सगळ्यांना वाटलं खोकला. शेवटचं वाक्य आलं तोवर माझी मान खालीच होती. ती वर केली.

उपाध्यक्षांनी विचारलं, या बाई अध्यक्षांच्या परिचयाच्या आहेत का. मी सांगितलं, माझी सख्खी थोरली बहीण. सचिवांनी नियम वाचला आणि मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसलो, एकडोळ्या बगळ्याशेजारी. दार जाड आहे, आतलं काही ऐकू येत नाही. पाऊण तास बसलो होतो. शिपायाने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. वाटत होतं, आज ताईची लाज गेली आणि पाणथळही गेली, आणि दोन्ही माझ्या खुर्चीपायी.

मग दार उघडलं आणि सचिव बाहेर आले. रस्त्याचा प्रस्ताव फेटाळला होता. तीन विरुद्ध चार.

मला कळेचना. सचिवांनी समजावलं. उपाध्यक्ष लगबगीने माझ्या खुर्चीत जाऊन बसले, माइक स्वतःकडे ओढला, मतदान पुकारलं आणि स्वतःच हात वर केला. तेव्हा सचिवांना सांगावं लागलं, की खुर्चीवर बसणाऱ्याला मत नसतं, बरोबरी झाली तरच. ते खुर्चीत गेल्यामुळे ‘हो’ वाल्यांचे तीनच उरले. बरोबरी झालीच नाही. ते उठायला लागले, पण मतदान पुकारल्यावर खुर्ची सोडता येत नाही. नऊ वर्षं ज्या खुर्चीवर डोळा ठेवला, तिनेच त्यांना धरून ठेवलं.

मी इतके महिने हात मोजत होतो आणि मला हे सुचलं नाही. खरं सांग, तू मोजलं होतंस का?

आता दुसरी बातमी, ती मला लिहवत नाही. त्याच सभेत तुझं नाव निरीक्षकांच्या यादीतून कमी करायचं एकमताने ठरलं. ‘नको’ वालेही त्यात होते, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. आदेशावर सही मात्र अध्यक्षांचीच लागते. उपाध्यक्षांनी स्वतः तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेनचं टोपण काढून दिलं. मी सही केली. तो आदेश तुला वेगळ्या लिफाफ्यात येईल. तो आधी उघडलास तर हे पत्र नंतर वाच, पण वाच.

राजीनामा द्यायचा विचार होता. पण प्रस्ताव वर्षभराने पुन्हा आणता येतो, म्हणून सचिव म्हणाले, बसून राहा. अजून दोन वर्षं आहेत. खिडकी बंदच आहे.

माझ्यावरची माया कमी केलीस तर तक्रार करणार नाही.

तुझा,
बारक्या


दि. ५ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आदेशाचा लिफाफा आधी उघडला. तुझी सही पूर्वीपेक्षा सुधारली आहे. तिच्याखाली ‘अध्यक्ष’ असा शिक्का. कागद घडी घालून तुझ्या दाजींच्या फोटोमागे ठेवला. रडले, नाही असं नाही. मग चहा केला. तू सही केली नसतीस तर मात्र मी तुला घरात घेतलं नसतं.

मोजलं होतं. तुझं ३ मार्चचं पत्र आलं त्याच दुपारी पाटीवर मांडून पाहिलं. तू राजीनाम्याच्या भीतीत नवा सभासद धरून बसलास, पण घटकाभर बाहेर गेलास तर नवा कुठून येणार? आठातून एक खुर्चीत गेला, की उरले सात. सात कधी सारखे वाटले जात नाहीत. तुला कळवलं असतं तर ते आधीच तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं, लपवालपवी तुला कधी जमली नाही. म्हणून तुझ्या नकळत एवढी एक लबाडी केली, तिचा दोष माझ्याकडे.

परवा बांधावर गेले. दहा मिनिटांची वाट, मला पाऊण तास लागला. टपालवाल्या बाईंनी हात धरला आणि दाजींनी केलेलं स्टूल काखेत घेतलं. खुंट्या आहेत अजून, फडकी उडून गेली आहेत. मी तासभर बसले. टिबुकल्या नऊ, त्यांतल्या दोन पिलांसकट. पाणकोंबड्या चार. एक बगळा, दोन्ही डोळे शाबूत. स्वतः पाहिलेलेच लिहिते आहे.

मंडळाला आता माझे आकडे चालायचे नाहीत, आणि तेच बरोबर आहे. ते तुला पत्रातून कळवत जाईन. तू त्यांचं काही करू नकोस, फक्त त्या बंद खिडकीपाशी बसून वाच. पाय कधी साथ देईल, कधी नाही. ज्या महिन्यात माझं पत्र येणार नाही, त्या महिन्यात शून्य समजू नकोस. मी गेले नाही, एवढंच समज.

वहिनीला आशीर्वाद. हात राखून ठेवलेली माया आज सगळी पाठवते आहे, पोचल्याचं कळव.

तुझी,
ताई